माज बघायचाय? जंगलात चला!

‘माज आलाय का रे तुला?’ हे वाक्य आयुष्यात एकदाही ऐकलं नाही असा मराठी माणूस शोधून दाखवा. शाळेत सर म्हणायचे, घरी आई म्हणायची, आता टीममधला सीनियर म्हणतो. तोंडावर नाही, कँटीनमध्ये. नवी गाडी घेतली की माज. ऑनसाइट जाऊन आलं की माज. प्रमोशननंतर लिफ्टमध्ये ओळख दाखवली नाही, तर ‘जाम माज’!

पण हा शब्द मुळात ऑफिसचा नाहीच. तो गोठ्यातला आहे. म्हैस माजावर आली, असं आपल्याकडची गावाकडची मंडळी आजही न लाजता, चहा पिता पिता सांगतात. पुढची पिढी जन्माला घालायला शरीर तयार होतं, ती ही वेळ. आपण शहरात आलो, गोठा सुटला आणि शब्दातला फक्त तोरा शिल्लक राहिला.

ओरिजनल माज बघायचा असेल तर आपण नागपूरकर सॉलिड नशीबवान आहोत. नोव्हेंबर-डिसेंबरातली एक पहाट, अंगात जाड जॅकेट आणि दीड-दोन तासांचा प्रवास, बस्स! तिकडे सागाच्या जंगलात सांबराचे नर माजावर आलेले असतात. आणि त्यांचा माज आपल्या ऑफिसातल्या माजापेक्षा फार वेगळा असतो. त्यात दिखावा आहेच, पण त्याची किंमत जो माज करतो तोच मोजतो. रोख.

‘दिसला का?’

आपल्या शहरातला सोमवार सकाळचा ठरलेला प्रश्न म्हणजे, ‘दिसला का?’ कोण, हे विचारावं लागत नाही. पेंच, ताडोबा, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा... सगळं इतकं हाताशी आहे, की नागपूरला ‘टायगर कॅपिटल’ म्हणायची फॅशन झाली. वाघ दिसला तर वीकेंड वसूल, नाही दिसला तर पैसे पाण्यात. ‘सांबर दिसलं’ असं सांगून बघा. समोरचा तुमच्याकडे असा पाहतो, जणू तुम्ही सिनेमाला गेलात आणि फक्त जाहिराती बघून परत आलात.

तिकडे लंडनमध्ये काय चालतं माहितीये? शहराच्या पोटातच रिचमंड पार्क नावाचं अवाढव्य उद्यान आहे. तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल हरणांचे नर माजावर येतात. धुक्यात उभं राहून असे हंबरतात, की अंगावर काटा यावा. आणि लंडनचे ऑफिसला जाणारे लोक पहाटे उठून, थर्मास आणि कॅमेरा घेऊन फक्त हरणं बघायला जातात! तिथे वाघ नाही, हे मान्य. पण म्हणूनच त्यांना हरणाकडे नीट बघायची सवय लागली.

स्कॉटलंडच्या रम नावाच्या बेटावर तर या लाल हरणांचा अभ्यास १९५३ पासून चालू आहे. १९७०च्या दशकात तिथल्या संशोधकांनी एक भन्नाट गोष्ट मांडली. दोन नर समोरासमोर आले की लगेच मारामारी करत नाहीत. आधी आळीपाळीने हंबरतात. कोण किती वेळा, किती दमाने हंबरतो, यावरून एकमेकांच्या ताकदीचा अंदाज घेतात. तरीही निकाल लागला नाही, तर शेजारी शेजारी चालत एकमेकांना आपादमस्तक न्याहाळतात. शिंगाला शिंग भिडतं ते सगळ्यात शेवटी. कारण मारामारीत जिंकणाऱ्याचाही डोळा फुटू शकतो, पाय मोडू शकतो. आपल्या मीटिंगमधल्या भांडणांपेक्षा हे प्रकरण बरंच समजूतदार आहे, नाही?

लाल हरणाचा आपला भारतीय भाऊबंद म्हणजे काश्मीरचा हंगुल. श्रीनगरजवळच्या दाचीगाममध्ये तो शरद ऋतूत असाच हंबरतो. पण त्याची संख्या जेमतेम तीनशेच्या घरात, आणि दाचीगाम काही आपल्या वीकेंडमध्ये बसत नाही. आपल्या वीकेंडमध्ये बसतं ते सांबर.

बुलेटपेक्षा जड, स्वभावाने घुमं

सांबर हे भारतातलं सगळ्यात मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर २२५ ते ३२० किलोचा, म्हणजे पार्किंगमधल्या बुलेटपेक्षाही जड. रंग काळपट तपकिरी, मानेवर दाट आयाळ आणि डोक्यावर मीटरभर लांबीची शिंगं. प्रत्येक शिंगाला तीन टोकं, दोन्ही मिळून सहा. चितळासारखा हा कळपाने उघड्यावर मिरवत नाही. एकटा राहतो, गर्द झाडीत राहतो, दिवसा विश्रांती घेतो आणि फिरतो ते संध्याकाळपासून सकाळपर्यंत. वाघाची धोक्याची सूचना देणारा ‘ढाँक’ असा त्याचा आवाज गाइड लोकांना प्रिय. त्यापलीकडे बिचाऱ्याला विचारतं कोण?

पण नोव्हेंबर उजाडला की हा घुमा प्राणी बदलतो. त्याची तयारी मात्र सात-आठ महिने आधीपासून चालू असते. मार्च-एप्रिलच्या सुमारास त्याची जुनी शिंगं गळून पडतात. हो, पूर्ण गळून! गाई-म्हशींची शिंगं जन्मभर टिकतात, हरणांची दरवर्षी नवी येतात. उन्हाळ्यात नवे कोंब फुटतात आणि पावसाळाभर वाढत राहतात. त्यांच्यावर मऊ लवेची मखमली कातडी असते. आत रक्त खेळत असतं, हात लावला तर गरम लागेल असं. प्राण्यांच्या शरीरात इतक्या झपाट्याने वाढणारं हाड दुसरं क्वचितच सापडेल. त्यासाठी लागणारं कॅल्शियम नुसत्या चाऱ्यातून पुरत नाही, म्हणून शरीर ते स्वतःच्याच सांगाड्यातून काढतं. म्हणजे डोक्यावरचा मुकुट घडवायला बरगड्या गहाण!

पाऊस सरला की मखमल सुकते. सांबर ती झाडांवर घासून घासून काढून टाकतं आणि आतलं कडक, टोकदार हाड उघडं पडतं. दिवस लहान होत जातात, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन चढत जातं, मान फुगते, आयाळ दाट होते. झाला गडी तयार.

आणि हे सगळं नेमकं थंडीच्या तोंडावरच का? हिशोब सोपा आहे. सांबराच्या मादीचा गर्भकाळ साधारण आठ महिन्यांचा. नोव्हेंबर-डिसेंबरात समागम झाला की पाडस जन्माला येतं जुलै-ऑगस्टमध्ये. विदर्भात तेव्हा काय असतं? पाऊस, कोवळं गवत, लपायला झाडोरा आणि आईला दूध यायला पोटभर चारा. आपल्या मेच्या उन्हात जन्मलं असतं तर काय झालं असतं, ते वेगळं सांगायला नको.

सिल्लारीची ती पन्नास मिनिटं

मागच्या एका हिवाळ्यात आम्ही चौघं पेंचला गेलो होतो. मी, कॉलेजची मैत्रीण, तिचा पुण्याहून आलेला आयटीवाला भाऊ आणि त्याचा रूममेट. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. पहाटे चारला निघालो, कामठी-कन्हान मागे टाकलं, मनसर गेलं, आणि अंधारातच सिल्लारीच्या गेटवर पोचलो. थंडी अशी, की जिप्सीत बसल्यावर कुणी कुणाशी बोलेना. पुण्याचे दोघं पहिल्यांदाच विदर्भात आले होते. त्यांचा अजेंडा एका शब्दाचा होता.

सूर्य वर आला तेव्हा आम्ही एका पाणथळ जागेजवळ होतो. गाइडने हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. पलीकडच्या काठावर चिखलात काहीतरी काळं, मोठं लोळत होतं. मला आधी रानडुक्कर वाटावं असं ते दृश्य. मग ते उठलं आणि त्याच्या डोक्यावर शिंगं उगवली. शिंगांना गवताचे झुपके लटकलेले, अंगावरून चिखल ओघळतोय, नाकातून वाफा निघतायत.

‘लोळून राहिला, दिसून राहिलं का मॅडम? माजावर आहे. आता दोन महिने असाच राहीन हा,’ गाइड कुजबुजला.

चिखलात लोळणं हा या दिवसांतला त्यांचा परफ्यूम असतो. नर आधी त्या चिखलात मूत्र सोडतो, मग त्यात लोळतो आणि तो वास अंगावर घेऊन हिंडतो. आपल्याला नाक मुरडावंसं वाटेल, पण मादीला आणि दुसऱ्या नराला त्या वासातून त्याचा पूर्ण बायोडेटा वाचता येतो.

मग तो एका झुडपाकडे गेला आणि शिंगांनी त्याची पार दैना केली. फांद्या तुटतायत, पाला उडतोय. का, तर उगाच. म्हणजे आपल्याला उगाच वाटतं. मग आला त्याचा हायलाइट. एका झाडाखाली जाऊन तो सरळ मागच्या दोन पायांवर उभा राहिला! तीनशे किलोचा प्राणी, सर्कशीतल्यासारखा. मान ताणून वरच्या फांदीवर त्याने तोंड आणि शिंगं घासली. डोळ्यांजवळच्या ग्रंथींचा वास तो तिथे ठेवतो. शक्य तितक्या उंचावर. ‘मी एवढा उंच आहे’ असं लिहून ठेवल्यासारखं. पुढच्या नराने यावं, हुंगावं आणि ठरवावं, पंगा घ्यायचा का नाही ते.

या सगळ्या वेळात दोन माद्या बाजूला शांतपणे पाला खात होत्या. एकीने तर मान वर करूनही पाहिलं नाही. तो जवळ गेला की ती चार पावलं पुढे. तो पुन्हा जवळ, ती पुन्हा पुढे. ‘मुली सगळीकडे सारख्याच,’ असं रूममेट पुटपुटला आणि मैत्रिणीने त्याला कोपर मारलं. पण खरंच, तमाशा सगळा नराचा असला तरी मादी थांबल्याशिवाय पुढे काहीच घडत नाही. ती तयार नसेल तर निघून जाते. विषय संपला.

तेवढ्यात एक जिप्सी भरधाव आली. तिच्या ड्रायव्हरने हळूच खूण केली, पुढच्या वळणावर वाघ निघालाय. आमच्या ड्रायव्हरचा हात चावीवर गेला. ‘थांबायचं का जायचं? बोला पटकन.’

पुण्याचा भाऊ अर्धा उभाच राहिला होता. पैसे त्याने जास्त भरले होते, तो सगळ्यात लांबून आला होता आणि पुढे कधी येणार होता देव जाणे. हा प्रश्न साधा नव्हता. मी त्याला काही समजावायच्या आधी झाडीतून दुसरा नर बाहेर आला.

हा दुसरा वयाने लहान असावा, शिंगं बारीक. दोघांनी एकमेकांना पाहिलं. पहिल्याने डोकं उचललं, आयाळ फुगवली आणि तो आडवा उभा राहिला. आपली पूर्ण बाजू दाखवत, ताठ पायांनी, अगदी सावकाश चालू लागला. ना आवाज, ना धावपळ. लाल हरणासारखी आरोळी सांबर ठोकत नाही, याचं सगळं भांडण उभं राहण्यात असतं. दुसरा तिथेच खिळला. त्याने एकदा पाय आपटला, शेपूट उभी केली. मिनिट गेलं, दुसरं गेलं. आमच्या गाडीत कुणी श्वास घेत नव्हतं. मग धाकट्याने मान फिरवली, जणू त्याला आठवलं की त्याचं दुसरीकडे काम आहे, आणि तो आल्या वाटेने निघून गेला.

भाऊ हळूच खाली बसला. ‘हे असं रोज होतं?’ त्याने गाइडला विचारलं.

‘रोज होते ना साहेब. थांबते कोण पाहाले?’

आम्ही तिथे पन्नास मिनिटं होतो. त्या वळणावर वाघ खरंच निघाला होता, असं नंतर गेटवर कळलं. आठ-दहा गाड्या होत्या म्हणे, आणि बहुतेकांना पाठ दिसली. गेटबाहेर तर्री पोहे खाताना भाऊ त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो रूममेटला, पोह्याची प्लेट हातात धरून, सांबर कसं आडवं उभं राहतं ते करून दाखवत होता.

मार्च एंडिंग त्यांचाही असतो

हा माज फुकट नसतो, असं मी वर म्हटलं. या दिवसांत नराचं खाण्याकडे लक्ष नसतं. लाल हरणांचे नर तर त्या थोड्या आठवड्यांत वजनाचा जवळपास पाचवा हिस्सा घालवून बसतात. सांबराचंही तेच, हंगाम संपेपर्यंत बरगड्या मोजता येतात. त्यात हा प्राणी वाघाचा आवडता घास. लक्ष मादीवर, कान प्रतिस्पर्ध्याकडे, आणि पोट रिकामं. मग वाघाला यापेक्षा सोपं गिऱ्हाईक कुठलं?

आणि एवढं सगळं करून काय मिळतं? मार्च-एप्रिलमध्ये टेस्टोस्टेरॉन उतरतं आणि ज्या शिंगांच्या जोरावर सगळा रुबाब होता, ती एके दिवशी टप्पकन गळून पडतात. आपल्याकडे त्याच सुमारास अप्रेझलची पत्रं येतात, हा योगायोग मला फार आवडतो. कालचा राजा बोडक्या डोक्याने, मान खाली घालून पाला खायला लागतो. जमिनीवर पडलेली शिंगं साळिंदरं आणि उंदरांसारखे प्राणी कुरतडतात. कॅल्शियम जंगलातून आलं होतं, जंगलात परत गेलं. (तुम्हाला असं शिंग दिसलं तर दिवाणखान्यात लावायला उचलून आणायचं नाही हं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे.)

आपल्या ऑफिसातला माज याच्या अगदी उलटा असतो. करतो एक, भरतो दुसरा. टार्गेटचा रुबाब वरच्याचा आणि रात्रीचे दोन ज्युनियरचे. सांबराला ही सोय नाही. मुकुट त्याचा, हाडंही त्याचीच. आणि मोसम संपला की मुकुट खाली ठेवावाच लागतो. गळालेल्या शिंगांचा फोटो प्रोफाइलला लावून तो वर्षभर फिरत नाही!

वर्षाचे तीन सीझन

डिसेंबर हुकला तर निराश होऊ नका. आपल्या आसपास हा खेळ वर्षातून तीनदा रंगतो.

सांबरानंतर नंबर लागतो बारशिंग्याचा. त्यासाठी मात्र मध्य प्रदेशातल्या कान्हाला जावं लागतं. लाँग वीकेंड काढा. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, कान्हाच्या गवताळ मैदानांवर बारशिंग्याचे नर शिंगांवर गवताचे भारे मिरवत फिरतात, आणि त्यांचा लांबवर जाणारा आवाज ऐकला की लंडनला जायची गरज उरत नाही. या बारशिंग्याची गोष्ट म्हणजे थ्रिलर आहे. कठीण जमिनीवर राहणारी त्याची ही उपजात जगात फक्त कान्हात उरली होती, आणि १९७० मध्ये तिची संख्या होती फक्त ६६. सहासष्ट! आपल्या ऑफिसच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसं असतात. मग कुंपण घालून सुरक्षित जागा केली गेली, गावं हलवून गवताळ कुरणं मोकळी झाली, आणि हळूहळू संख्या आठशेच्या वर गेली. २०१५ पासून कान्हातले बारशिंगे सातपुड्यातही नेऊन सोडले गेले. ते आरोळी ठोकतात तेव्हा हा आकडा आठवा, आवाज वेगळा ऐकू येतो.

तिसरा सीझन चितळाचा. त्यांची पिल्लं वर्षभर दिसत असली तरी नरांचा खरा जोर असतो एप्रिल-मेमध्ये. हो, आपल्या ४५ डिग्रीत! आपण कूलरसमोरून हलत नाही, तेव्हा चितळाचे नर माद्यांच्या मागे हिंडत ओरडत असतात. जॉर्ज शॅलर या अमेरिकन अभ्यासकाने १९६०च्या दशकात कान्हात राहून हे सगळं नोंदवलं. १९६७ साली आलेल्या त्याच्या प्रसिद्ध पुस्तकाचं नावच मुळी ‘द डिअर अँड द टायगर’. हरीण आधी, वाघ नंतर. आपण नेमका हाच क्रम विसरलो.

आपल्या मारुती चितमपल्लींनी तरी वेगळं काय केलं? वनखात्यात नोकरी करताना नवेगाव, नागझिऱ्याच्या जंगलांत वर्षानुवर्षं थांबून पाहिलं, आदिवासींना विचारलं, आणि जंगलाचे शब्द मराठीत आणले. २०२५ मध्ये ते गेले. त्यांची पुस्तकं कपाटात असतील तर जंगलात निघायच्या आधी एखादं चाळा. गाइडशी बोलायला विषय मिळतो.

थांबणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एक. जाताना जबलपूर हायवेवर मनसरच्या पुढे रस्ता उंच पुलांवरून जातो, तिथे जरा खाली बघा. मनसर-खवासा पट्ट्यात वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ मार्ग बांधले आहेत. सगळ्यात लांब ७५० मीटरचा. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तर १८ जातींचे प्राणी खालून ये-जा करताना सापडले. माजावर आलेला नर मादीच्या शोधात लांबवर भटकतो. तुम्ही वरून ऐंशीच्या स्पीडने जाताय आणि खालून कुणीतरी लग्नाला निघालंय, असं समजा.

दोन. गाडी सुटायच्या आधीच गाइडला सांगा, ‘आम्हाला सांबर बघायचंय.’ तो आधी तुमच्याकडे संशयाने बघेल, मग खूश होईल. चिखल, पाणवठे, खरवडलेली झाडं, तुटकी झुडपं, हे सगळं त्याला माहिती असतं, फक्त विचारणारं कुणी नसतं. पहिली आणि शेवटची वेळ महत्त्वाची, कारण उन्हं चढली की सांबर झाडीत गायब. गळ्याखाली केस गेलेला लालसर चट्टा दिसला तर ‘अरे, जखम!’ म्हणून ओरडू नका. या दिवसांत तो अनेक सांबरांच्या गळ्यावर असतो.

तीन. इंजिन बंद, आवाज बंद. आणि मोबाइलला बंदी असेल तिथे हुज्जत घालू नका. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे यांना दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवल्याचा व्हिडिओ देशभर फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर आणि गाइडवर कारवाई झाली. पण गाडीत बसून ‘अजून जवळ घ्या ना भाऊ’ म्हणणारे कोण होते? आपल्यासारखेच वीकेंडवाले. वाघिणीसाठी निदान कोर्ट तरी धावलं. वाघाच्या बातमीमागे सुसाट गेलेल्या गाड्यांमुळे एखादा सांबर नर महिनाभर राखलेली जागा सोडून पळाला, तर त्याचा व्हिडिओ कोण काढणार? त्याच्याकडे तर वर्षातले हेच काही आठवडे असतात.

चार. बजेट नसेल, सुट्टी नसेल, तर गोरेवाडा आहेच की. शहराच्या कुशीतल्या त्या जंगलात चितळं आणि नीलगायी आहेत. एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी जाऊन चितळाच्या नराची ओरड ऐका आणि साडेनऊला ऑफिसात हजर व्हा.

आणि सोमवारी कुणी विचारलंच, ‘दिसला का?’ तर बिनधास्त ‘दिसला’ म्हणा. कोण, ते त्यांना विचारू द्या. मग सावकाश सांगा, चिखलापासून सुरुवात करून. पाच मिनिटांत अर्धी कँटीन तुमच्या टेबलाभोवती असेल. तेवढा माज चालतो.